सोडली की घरी आली पाहिजे

टेंभुर्णे यांच्या शेजारच्या सीटवर कायम एक पोतं बसलेलं असायचं. वाळूचं, तोंड सुतळीने घट्ट शिवलेलं, आणि पट्टा लावलेलं. पट्टा नसला तर गाडी पिकपिक करून डोकं खाते, म्हणून पट्टा.

रायपूरच्या रिंग रोडवर आमचं वर्कशॉप आहे. अपघातात चेपलेल्या गाड्या आम्ही पुन्हा रस्त्यावर उभ्या करतो. मी तिथे ऑफिस बघते. कुठली गाडी कुठवर आली, कुणाला फोन करायचा, कुणाचा पार्ट नागपूरहून यायचा आहे, अशा माझ्या याद्या असतात आणि त्या मी संध्याकाळी संपवून घरी जाते. टेंभुर्णे यांचं काम सगळ्यात शेवटचं. तयार झालेली गाडी ते नवा रायपूर या नव्याने वसलेल्या शहराच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर नेत, वळवून वळवून बघत आणि परत येऊन सांगत, मालकाला द्यायची की नाही.

पोत्याचं नाव मेकॅनिक लखनने ‘काकी’ ठेवलं होतं. गाडी निघायच्या वेळी तो ओरडून सांगायचा, “काका, काकी बइठ गे हे!” सगळं वर्कशॉप हसायचं. टेंभुर्णे हसत नसत, रागावतही नसत. आरसा नीट करत आणि निघत.

एकदा मी विचारलं, “पोतं कशाला लागतं हो भाऊ?”

“एकटा मानूस बसला का गाडी एका अंगावर बसते, ताई. घेनारा काही एकटा फिरत नाही. त्याची मंडळी बसते बाजूले. मंग तशीच पाह्यली पाह्यजे ना.”

“मग वजन किती धरलं?”

“आमच्या मंडळीचं,” ते म्हणाले. “अंदाजानं.”

त्यांची मंडळी, म्हणजे शालिनीताई, पुण्याजवळ शाळेत शिकवत होत्या. मुलगी तिथेच नोकरीला. टेंभुर्णे स्वतः तिकडच्या एका गाड्यांच्या कारखान्यात चाचणीच्या ट्रॅकवर ड्रायव्हर होते. नवीन गाडी वळणावर कशी वागते, हे दिवसभर बघायचं आणि इंजिनिअरांना सांगायचं. मग इथे रायपूरला आईचं माकडहाड मोडलं. वडील रेल्वेत होते, वसाहतीमागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, त्यांनी घर बांधलेलं. आईला बघायला म्हणून टेंभुर्णे आले. आई काही वर्षं जगली, मग गेली. ते राहिले. भांडण नाही, तंटा नाही. राहिले, इतकंच. कुणी विचारलं तर म्हणत, “जाईन ना. घराचं एवढं निपटलं का जाईन.” घराचं काय निपटायचं होतं ते मला कधी कळलं नाही.

उंच, सडपातळ माणूस. छोट्या गाडीत बसले की डोकं छताला टेकायचं. चपला वर्कशॉपच्या फाटकाशी काढून ठेवत आणि पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट घालत. जाड तळव्यातून पायाला काही ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे फाटकाशी चपला दिसल्या की टेंभुर्णे गाडी घेऊन गेलेत असं समजायचं. खिशात स्वच्छ फडकं असे, त्याने ते आधी स्टेअरिंग पुसत. आरशाला एक नट दोऱ्याने बांधत. तो वळणावर कसा आणि किती कलतो ते, एखादं गिऱ्हाईक बरोबर आलंच तर, त्याला दाखवायला. स्वतः त्याच्याकडे बघत नसत. रेडिओ बंद, काचा वर, गप्पा बंद. त्यांच्याबरोबर बसणं म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये बसण्यासारखं होतं, म्हणून सहसा कुणी बसत नसे. पोतं बसायचं.

गाड्यांबद्दल बोलताना मात्र त्यांची भाषा घरातली असायची. स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी लगेच वळली तर ती ‘ऐकते’. उशिरा वळली तर ‘आयकून न आयकल्यासारखं करते’. मागची चाकं घसरायला लागली तर ‘उलट बोलते’. एखादी गाडी फारच वेंधळी असली तर म्हणत, “हिले वळणच नाही लावलं कोनी.” लखनला ‘वळण’ म्हणजे फक्त मोड माहीत. तो गोंधळून म्हणायचा, “काका, मोड तो रोड मा रइथे, गाडी मा कहां ले आही?” टेंभुर्णे त्याला समजावू बघत, मग सोडून देत. असं समजावणं सोडून देणं त्यांच्या आयुष्यात बरंच होतं. आमचे मालक भैयाजी त्यांना ‘टेम्भू जी’ म्हणत. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. पाऱ्यातली आपलीच पोरं मराठी समजत, उत्तर हिंदीत देत. आणि पुण्याची मुलगी फोनवर त्यांच्या ‘मले-तुले’ला हसायची. चहाच्या वेळी एकदा मला म्हणाले, “तिकडं माह्या मराठीले हसतेत, ताई. इकडं मराठीच नाही. तुमी एक आहे, तर तुमाले टाइम नाही.” खरं होतं. मी तेव्हाही फोन लावत होते.

पण त्यांची सगळ्यात आवडती परीक्षा शेवटची. वळण घ्यायचं आणि वळणातून बाहेर पडताना स्टेअरिंगवरची पकड सोडायची. चांगली गाडी आपोआप सरळ होते. स्टेअरिंग हाताखालून सरसर फिरत मधोमध येऊन थांबतं. याला ते ‘घरी येणं’ म्हणत. “सोडली की घरी आली पाह्यजे. आनावी लागली तर ते गाडी नाही.”

एकदा माझ्याच गाडीचं काम निघालं, तेव्हा त्यांनी मला चालवायला बसवलं. तुम्हीच बघा म्हणाले. नवा रायपूरमधल्या एका मोठ्या गोल चौकाला मी वळसा घातला. बाहेर पडताना ते म्हणाले, “आता सोडा.”

“सोडू?”

“सोडा ना.”

“सुटत नाहीयेत हो हात.”

“अवो ताई, पोरगं थोडी आहे ते. सोडा!”

मी बोटं उघडली. चाक तळव्यांना घासत फिरलं आणि अगदी मधोमध थांबलं. गाडी सरळ चालू लागली. मला उगाचच हसू आलं. टेंभुर्णे समोर बघत समाधानाने म्हणाले, “आली घरी.” मग त्यांनी एक गोष्ट दाखवली, जी मी आजही प्रत्येक चौकात आठवते. आपल्याकडे गोल चौकाला वळसा घालताना गाडी उजवीकडेच वळते. म्हणजे उजवं वळण तपासायला चौक कुठेही मिळतो, पण डावं लांब वळण शोधावं लागतं. त्यांनी ते शोधलं होतं. एका रिकाम्या सेक्टरच्या मागे, जिथे इमारती यायच्या होत्या आणि आल्या नव्हत्या, तिथे एक रस्ता लांबलचक डावीकडे वळत जाऊन पुढे संपत होता. दोन्ही बाजूंना गवत, मधेच एखादा दिव्याचा खांब. “हे माहं,” ते म्हणाले. जमिनीचा तुकडा दाखवावा तसं.

एका दिवाळीच्या सुट्टीत शालिनीताई आल्या. टेंभुर्णे त्यांना वर्कशॉप दाखवायला घेऊन आले. नेमकी एक गाडी तपासायला उभी होती आणि त्यात पोतं पट्टा लावून बसलेलं. लखन कुठे तोंड लपवावं या विचारात. शालिनीताईंनी काचेतून वाकून बघितलं.

“हीच का ती?”

लखनने नुसती मान डोलावली.

“एवढी जाड होते मी?” त्या म्हणाल्या, आणि सगळे एकदम हसले, टेंभुर्णेसुद्धा. मग त्यांनीच पोत्याचा पट्टा काढला. “उतरवा हिला. आज मी बसते.”

मला सचिवालयाकडे एक कागद पोचवायचा होता, म्हणून मी मागे बसले. रस्ताभर टेंभुर्णे नेहमीसारखे गप्प. शालिनीताई गप्प राहणाऱ्या नव्हत्या. “गाडी घरी येते का नाही, याची एवढी तपासणी. आणि स्वतः कधी येणार?”

“येतो ना.”

“आईंचं सगळं होऊन किती काळ झाला?”

“घराचं एवढं निपटलं का येतो. आन् तिकडं येऊन करू काय, शालू? तिकडं गाडी वळत नाही, निस्ती सरकते.”

डावं वळण आलं. त्यांनी गाडी आत घातली, लांबवर वळवत नेली, बाहेर पडताना बोटं उघडली. चाक घरी आलं. तरी त्यांनी गाडी वळवली, पुन्हा तेच वळण घेतलं. मग रस्त्याच्या कडेला थांबवून म्हणाले, “तुहं वजन कमी झालं.”

शालिनीताई त्यांच्याकडे वळल्या. “सहा महिन्यांपासून फोनवर सांगतेय मी. थायरॉइडचं निघालं म्हणून.”

“सांगत होती,” टेंभुर्णे म्हणाले. “पन मले वाटलं, तू अशीच सांगून राहिली.”

वळणावरून कळलं असेल असं मला वाटत नाही. चेहरा बघून कळलं असेल. कुणालाही कळलं असतं. पण त्या सुट्टीनंतर त्यांनी पोतं उसवून थोडी वाळू काढली आणि पुन्हा शिवलं. काढलेली वाळू लखनने फरशीवर सांडलेल्या ऑइलवर टाकली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर टेंभुर्णे गाड्या नापास करायला लागले.

आधी कधीमधी. मग जवळजवळ प्रत्येक. तक्रार एकच: “डावीकडं ओढून राहिली.” लखन गाडी पुन्हा अलाइनमेंटच्या मशीनवर चढवी, मशीन सगळं बरोबर दाखवी. टेंभुर्णे गाडी घेऊन जात, परत येत आणि मान हलवत. गिऱ्हाइकं माझ्या टेबलासमोर येऊन बसायला लागली. एका शाळेतल्या सरांची गाडी पुन्हा पुन्हा अडली. सर भले माणूस, पण त्यांची बायको म्हणाली, “दीदी, गाडी आहे की नवरी, एवढी पसंती कसली चाललीय?” लखनचा तर जीव कासावीस. त्याच्या हाताने नीट केलेलं काम रोज परत येत होतं. शेवटी भैयाजींनी मला बोलावलं. “दीदी, आप साथ जाइए. या मशीन झूठ बोल रही है, या टेम्भू जी. एक को तो घर भेजना पडेगा.”

हे टेंभुर्णे यांनीही ऐकलं. फाटकाशी चपला काढताना त्यांना भिंतीला हात लावावा लागला. मला वाटलं, रागाने.

सरांची गाडी लखनने चालवायची ठरली. टेंभुर्णे म्हणाले, “माह्या हातात नको. हात लबाडी करतेत. मी बसूनच सांगतो.” पोतं मागे माझ्या शेजारी आलं आणि ते पुढे, पोत्याच्या जागी. पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले.

सरळ रस्त्यावर येताच म्हणाले, “हे पाहा. ओढली.”

लखनने दोन्ही हात उचलून दाखवले. गाडी सरळ जात होती. “कहां काका?”

“तुले नाही समजत. पुढं घे.”

मंदिर हसौद गावाकडून येणाऱ्या रस्त्याशी म्हशींचा कळप आडवा आला. लखनने गाडी थांबवली. म्हशींना घाई नव्हती. इंजिन चालू होतं, एसी चालू होता, टेंभुर्णे यांचे डोळे मिटलेले होते.

“हे आत्ता पाहा,” ते म्हणाले. “आता तर जोरानं ओढून राहिली. ताई, समजते का तुमाले? लखन, आवर ना बाप्पा! खाली जाशीन रस्त्याच्या!” त्यांनी दारावरची मूठ घट्ट धरली होती.

लखनने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी म्हशींकडे बघितलं. मग तोच म्हणाला, नेहमीपेक्षा हळू आवाजात, “काका, गाडी तो खडे हे.”

टेंभुर्णे यांनी डोळे उघडले. समोर म्हशी. त्यांनी आरशाला बांधलेल्या नटाकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं असेल. दोरा सरळ होता, नट हलत नव्हता.

“कवापासून उभी आहे?”

“भंइसी मन आइन, तब ले.”

शेवटची म्हैस गेली. मागून कुणीतरी हॉर्न दिला. टेंभुर्णे म्हणाले, “मंग गाडीचं काही नाही. देऊन टाका, ताई. बिचारे सर कवाचे वाट पाहून राहिले.”

परत येताना त्यांनी एकच गोष्ट विचारली. नापास केलेल्या गाड्यांचं त्यांना काही वाटत नव्हतं. त्या चांगल्याच होत्या. “या दिवसांत मी पास कोनत्या केल्या, ते सांगा. ज्या मले सरळ वाटल्या, त्याच वाकड्या असतीन.” मला समजायला एक क्षण लागला. ज्याला सगळं डावीकडे ओढल्यासारखं वाटतं, त्याला उजवीकडे ओढणारी गाडी सरळ वाटणार. पास केलेल्या दोन गाड्या निघाल्या. मी त्याच दुपारी दोघांना फोन करून गाड्या परत मागवल्या. त्या येईपर्यंत टेंभुर्णे फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. दोन्ही गाड्या धडधाकट आल्या. एक मशीनवर ठीक निघाली. दुसरी उजवीकडे ओढत होती. थोडीशीच, पण ओढत होती. ती गाडी चालवणारी मुलगी रोज सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांमधून कामाला जात होती.

टेंभुर्णे यांनी ते लखनकडून ऐकलं, खिशातलं फडकं काढलं, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलं. त्या दिवसापासून त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते कानाचं होतं. आतला तोल सांभाळणारा भाग एका बाजूने मंदावलेला. गोळ्या, मानेचे व्यायाम, गाडी चालवायची नाही, जिना कठडा धरून उतरायचा. टेंभुर्णे यांनी सगळं मान्य केलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी ई-रिक्षाने वर्कशॉपला आले.

तपासणी आता लखनकडे होती. निघायच्या वेळी तो पोतं उचलायला गेला, तर टेंभुर्णे आधीच त्या सीटवर बसून पट्टा लावत होते. लखन घुटमळला. मग त्याने पोतं भिंतीशी ठेवलं आणि गाडी काढली. ‘काकी बइठ गे हे’ हे ओरडणं त्या दिवसापासून बंद झालं.

असं बरेच दिवस चाललं. फाटकाशी चपला, पायात पातळ बूट. नुसतं बसायचं होतं, तरी बूट बदलत. मी लखनला विचारलं, काका काही सांगतात का? “कुछु नइ कहय, दीदी. आंखी मूंद के बइठे रइथे.” वजन म्हणून बसायचे. घरी पाऱ्यात दिवसभर बसण्यापेक्षा हे बरं, एवढाच मी अर्थ लावला. एकदा माझ्याकडे चहाला थांबले, तेव्हा म्हणाले, “घरी खुर्चीत बसलो तरी ओढते, ताई. गाडीत निदान ओढाचं काही कारन तरी राह्यते.”

शालिनीताईंना त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. मी फोन केला. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, “हो का,” आणि शाळेला रजा टाकून आल्या. घराचं काय ते दोन दिवसांत निपटलं: गॅस बंद केला, कुंड्या शेजारी दिल्या, भिंतीवरचा बाबासाहेबांचा आणि आईचा फोटो साडीत गुंडाळून बॅगेत ठेवला, किल्ली चुलतभावाकडे. मुलीने विमानाची तिकिटं पाठवली.

विमानतळावर लखनने आणि मी सोडायला जायचं ठरलं. मी सगळ्यांना वेळेच्या बरंच आधी काढलं. ती माझी खोडच आहे. टेंभुर्णे पुढे डावीकडे बसले, आम्ही दोघी मागे. विमानतळाचं वळण आलं तसं ते म्हणाले, “टाइम आहे ना, ताई? तर एक चक्कर मारू. माह्या रस्त्यानं.”

लखनने विचारलं नाही, कुठला रस्ता. इमारती अजूनही आलेल्या नव्हत्या. गवत कापलेलं होतं. त्याने ते लांब डावं वळण धरलं, अगदी काकांसारखं, एकदाच हात वळवून, मधे कुठेही दुरुस्त न करता. टेंभुर्णे डोळे मिटून बसले होते. त्यांचं उंच शरीर हळूहळू उजवीकडे झुकलं. बाहेर पडताना लखनने बोटं उघडली.

“आली का घरी?” टेंभुर्णे यांनी विचारलं. हे ते दुसऱ्याला कधी विचारत नसत.

“हव काका,” लखन म्हणाला. “आ गे.”

“मंग चाल.”

विमानतळाच्या दाराशी लखन त्यांच्या पाया पडला. टेंभुर्णे यांनी खिसा चाचपला, फडकं नव्हतं; ते माझ्या टेबलाच्या खणात होतं. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. मला म्हणाले, “जय भीम, ताई. याद्या थोड्या कमी करा.”

दोघं आत जायला निघाले. पायात तेच पातळ बूट होते. शालिनीताई उजवीकडून सामानाची गाडी ढकलत होत्या, टेंभुर्णे त्यांच्या डाव्या बाजूने चालत होते. थोडं चालून ते डाव्या कडेच्या स्टीलच्या कठड्याकडे सरकले, सावरले, पुन्हा सरकले. शालिनीताई थांबल्या. त्यांनी सामानाची गाडी मागून फिरवली आणि नवऱ्याच्या दुसऱ्या अंगाला आल्या, कठडा आणि ते यांच्या मधे.

मग दोघं चालू लागले. दोन पावलांनी टेंभुर्णे पुन्हा डावीकडे झुकले. तिथे आता त्या होत्या.